दौलतरावांचे कोल्हापूर

अर्धवट वाचलेले पुस्तक दौलतराव गोहणे परत घेत नसत. कारंज्याच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे काम त्यांनी एकोणतीस वर्षे पाहिले, आणि तेवढ्या काळात हा नियम त्यांनी ना ठाणेदारांसाठी मोडला, ना स्वतःच्या सासऱ्यांसाठी. वाचक टेबलापाशी आला की ते चष्मा कपाळावर चढवीत आणि पुस्तकाला हात न लावता विचारीत, "शेवट काय झाला?" वाचक अडखळला की पुस्तक त्याच्याकडे परत सरकवले जाई. "पुरं करजो, मंग येजो. लिहिणाऱ्यानं पुरं लिहिलं, तुले वाचाले काय झालं?" व्याकरणाचे पुस्तक परत करायला आलेल्या एका शिक्षकालाही त्यांनी शेवट विचारला होता. तो शिक्षक मी. 'परिशिष्ट' असे मी उत्तर दिले, ते त्यांना पटले, आणि तेथून आमचा स्नेह सुरू झाला.

दौलतरावांविषयी गावात आज जे सांगितले जाते, त्यातले निम्मे चूक आणि उरलेले अपुरे आहे. वाचनालयाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर जो लेख छापला आहे, त्यात तीन विधाने आहेत : कोल्हापूरच्या ग्रंथपाल परिषदेत ते व्यासपीठावर चढले; त्यांनी ध्वनिक्षेपक हिसकावून घेतला; आणि नंतर शहरात वाट चुकल्यामुळे ते प्रमाणपत्राला मुकले. तिन्ही विधाने खोटी आहेत. लेखक सद्गृहस्थ त्या काळी कारंज्यात राहतही नव्हते. मी मात्र त्या संपूर्ण प्रवासात दौलतरावांच्या शेजारी बसलेलो होतो, आणि त्यांची वळकटी अर्धा वेळ माझ्याच मांडीवर होती.

प्रकरण असे घडले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस भगवंतराव टाले वाचनालयाचे अध्यक्ष झाले. भगवंतराव सरकीचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता. परंतु अध्यक्ष झाल्याबरोबर काहीतरी सुधारलेच पाहिजे असे वाटण्याचा जो विकार असतो, तो त्यांना जडला होता. ग्रंथपाल प्रशिक्षित असावा, हा त्यांचा पहिला ठराव. दौलतरावांचे शिक्षण सातवी, वय अठ्ठेचाळीस, नोकरी एकोणीस वर्षांची. शेवटी जिल्ह्याच्या कार्यालयानेच मार्ग सुचविला. राज्यातील ग्रंथपालांची परिषद त्या हिवाळ्यात कोल्हापूरला भरणार होती आणि तिला जोडून तीन दिवसांचा वर्ग होता. त्या वर्गाचे प्रमाणपत्र आणले, तर जुन्या माणसाला प्रशिक्षित मानता येणार होते. भगवंतरावांनी भर सभेत बजावले की प्रमाणपत्र आले तर किल्ल्या दौलतरावांकडे राहतील, नाही आले तर नव्या माणसासाठी जाहिरात निघेल. चिटणीस या नात्याने सोबत जाण्याची जबाबदारी माझ्यावर आली. दौलतराव तोवर नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते, आणि नागपूरलाही ते बांधणीला दिलेली पुस्तके आणण्यापुरतेच जात.

निघताना त्यांच्याजवळ वळकटीखेरीज दोन पेट्या होत्या. एकीत कपडे, आणि दुसरीत देवघेवीच्या तीन जुन्या नोंदवह्या व मुदत उलटलेल्या वाचकांना पाठवायच्या छापील स्मरणपत्रांचा एक गठ्ठा. हे ओझे कशासाठी, असे मी विचारले. "वाचक कोठीही भेटू शकते, गुरुजी," एवढेच ते म्हणाले. दोन ठिकाणी गाडी बदलून आम्ही कोल्हापूरला पोचलो, तेव्हा कपड्यांची पेटी मिरजेच्या फलाटावर राहिली होती आणि नोंदवह्यांची पेटी सुखरूप होती. त्यांनी ते विशेष मनाला लावून घेतले नाही. तीन दिवस त्यांनी माझा एक सदरा वापरला. तो त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता.

ते तालमीत सापडले, अशीही एक आवृत्ती गावात फिरते. तालमीत ते गेले होते हे खरे, हरवून नव्हे. आमची उतरण्याची सोय एका शाळेत होती आणि शेजारीच तालीम होती. पहाटे शड्डूंच्या आवाजाने जाग आल्यावर, पैलवान मंडळी कोणते वर्तमानपत्र वाचतात हे पाहावे म्हणून ते तिकडे गेले. तेथे महिनाभराचे अंक तेलाच्या बाटल्यांखाली विस्कटून पडलेले त्यांना दिसले, आणि त्यांना राहवले नाही. मी शोधत गेलो तेव्हा मातीने माखलेले सहा पैलवान ओळीने बसून तारखेप्रमाणे अंक लावीत होते, आणि माझा सदरा घातलेले दौलतराव त्यांच्यापुढे उभे होते. "रविवारची पुरवणी अलग ठेव, बाबू. घाई नको करू," असे ते सर्वांत धिप्पाड पैलवानाला सांगत होते. त्या पैलवानाने मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारले, "पावणं, हे वस्ताद कुठल्या गावचं म्हणायचं?"

मिसळ खाऊन दौलतराव रडले, ही कथा तर निखालस उलटी आहे. त्यांनी मिसळ खाल्ली, रस्सा पुन्हा मागून घेतला, आणि आमच्याकडे याच्याहून तिखट तर आजारी माणसाला देतात, असे वाढप्याला सौजन्याने कळविले. रडलो तो मी.

वर्गातील पहिले दोन दिवस त्यांनी अत्यंत मन लावून टिपणे घेतली. वर्गीकरणाच्या तासाला त्यांनी एकच शंका काढली : ज्या पुस्तकाचा विषय ते लिहिणाऱ्यालाच सापडलेला नाही, ते कोणत्या कप्प्यात ठेवावे? व्याख्यात्यांनी ती शंका स्वतःच्या वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी दौलतराव मला म्हणाले की सारे ठीक चालले आहे आणि आता फक्त उद्याचा दिवस निभावला म्हणजे झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी समारोपाचे मोठे सत्र होते आणि दुपारी चार वाजता प्रमाणपत्रांचे वाटप. दोन्हींसाठी पाहुणे एकच : कोल्हापुरातील एक वरिष्ठ अधिकारी. ते व्यासपीठावर येऊन बसले आणि दौलतरावांनी माझे मनगट पकडले. "गुरुजी, हे उमरकर साहेब होत."

उमरकर साहेब सहा वर्षांपूर्वी आमच्या कारंज्याला गटविकास अधिकारी होते. बदली होऊन जाताना त्यांच्या सामानात वाचनालयाची एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी गेली होती. दौलतराव पुस्तकांना नावाने ओळखीत नसत, दाखल क्रमांकाने ओळखीत; ही कादंबरी तेवीसशे सतरा. तिच्यासाठी त्यांनी चार गावांच्या चार कचेऱ्यांत स्मरणपत्रे पाठविली होती, आणि साहेबांची पुन्हा बदली झाल्याच्या शेऱ्यासह चारही परत आली होती. त्यांनी पेटी उघडली, नोंदवही काढली, आणि साहेब 'वाचकाची शिस्त' या विषयावर बोलत असताना ती माझ्यापुढे धरली. सही साहेबांचीच होती.

मी त्यांना स्पष्ट सांगितले की दुपारी प्रमाणपत्रांवर याच गृहस्थांची सही व्हायची आहे. आधी कागद पदरात पडू द्या. पुस्तकाचे पत्र कारंज्याहून लिहू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "पाचवं पत्र परत आलं मंग?" असे त्यांनी विचारले.

भाषण संपल्यावर सूत्रसंचालकांनी जाहीर केले की पाहुण्यांना ज्यांना काही विचारायचे असेल, त्यांनी चिठ्ठी पाठवावी. येथे दौलतरावांची चूक झाली, आणि ती दुसऱ्या कोणत्याही व्यवसायातील माणसाच्या हातून झाली नसती. स्मरणपत्र वाचकाच्या हाती द्यावयाचे असते. चिठ्ठी पाहुण्यांच्या हाती जाणार होती. तेव्हा त्यांनी एक छापील स्मरणपत्र रीतसर भरले, नीट घडी घातली आणि पुढे देण्यासाठी माझ्याकडे दिले. चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखविल्या जातात, हे त्या माणसाच्या गावीही नव्हते. व्यासपीठापर्यंत ती घडी मी स्वतः नेऊन दिली. दौलतराव खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. ध्वनिक्षेपक सूत्रसंचालकांच्याच हातात होता, आणि त्यांचा आवाज आकाशवाणीला शोभेल असा खणखणीत होता. "आपणांकडे आमच्या वाचनालयाचे पुस्तक क्रमांक तेवीसशे सतरा असून त्याची मुदत उलटून सहा वर्षे झाली आहेत. अन्य वाचक खोळंबले आहेत. पुस्तक त्वरित परत करून सहकार्य करावे."

अर्थ ध्यानात आला तेव्हा सूत्रसंचालक थांबले. पण तोवर वाचायचे काही उरले नव्हते. सभागृहात राज्यभरातले ग्रंथपाल बसले होते, आणि त्या प्रत्येकाच्या मनात आपले स्वतःचे एक हरवलेले पुस्तक होते. मग जो हशा आणि ज्या टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पुढच्या दोन चिठ्ठ्यांत साहेबांची याआधी कोणकोणत्या गावी नेमणूक झाली होती, अशी चौकशी होती.

साहेब लालबुंद झाले, पाणी प्यायले, आणि मग एकदम हसले. पुस्तक घरी सुरक्षित आहे, असे त्यांनी जाहीर केले. माझी जीप घेऊन जा, पुस्तक ताब्यात घ्या आणि चारच्या आत परत या, म्हणजे प्रमाणपत्र मी स्वतः तुमच्या हाती देईन, असेही ते म्हणाले. इतका सरळ निकाल माझ्याही अपेक्षेत नव्हता. दौलतराव उभे राहिले, गुडघ्यापर्यंतच्या सदऱ्यात त्यांनी नमस्कार केला, आणि आम्ही निघालो.

साहेबांचा बंगला शहराबाहेर होता. व्हरांड्यात उन्हाला साहेबांच्या मातोश्री बसल्या होत्या, आणि तेवीसशे सतरा त्यांच्या मांडीवर होते. त्या मूळच्या कारंज्याजवळच्या आर्वीकडच्या. दौलतरावांनी लवून, मी कारंज्याच्या वाचनालयातून आलो, माय, असे सांगताच मातोश्रींनी त्यांना हाताला धरून बसविले.

"कारंज्याचा? बोल लेका, बोल अजून. इथं आपल्या बोलीतलं कोणी भेटतच नाई. पोरगं तं साहेब झाल्यापासून पुस्तकावानीच बोलते."

दौलतराव बराच वेळ बोलले. केळझरच्या जत्रेची, संत्र्याच्या बहराची, आर्वीच्या कोणत्या घरात कोणाचे लग्न झाले याची, सारी खबर देऊन झाल्यावर त्यांनी येण्याचे कारण सांगितले. म्हातारीने पुस्तक उचलून पदराखाली घेतले.

"मी नाई देत बाप्पा. माहे एक्केचाळीस पानं राह्यले."

मग उलगडा झाला. साहेबांनी ते पुस्तक कधी उघडलेच नव्हते. वाचत होत्या त्या मातोश्री, आठवड्याला दोन-तीन पाने. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सून घरच्या कामात, मुलगा कचेरीत. वाचून दाखवायला सवड कोणाला नव्हती. त्या कादंबरीतील राणी किल्ल्याच्या चोरदरवाजाशी उभी राहून वर्ष झाले होते, आणि पुढे तिचे काय झाले, ते म्हातारीला कळले नव्हते.

मी दौलतरावांना बाजूला नेऊन सांगितले की पावणेदोन झाले आहेत. पुस्तक घ्या आणि चला.

"पुरं न झालेलं पुस्तक म्या कधी घेतलं, गुरुजी? आता काऊन घेऊ?"

मग राहू द्या त्यांच्याकडेच, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की व्याकरणाच्या पुस्तकाचा शेवट चुकल्यासारखे मला वाटले. ते परत गेले, म्हातारीच्या पायाशी मांडी घालून बसले, आणि वाचू लागले.

त्यांचे वाचन कसे होते, हे ज्यांनी ऐकले नाही त्यांना सांगून कळणार नाही. एस.टी.च्या स्थानकावर गाड्यांची घोषणा करावी, तसा स्वर. राणीला आणि शत्रूला एकच. काही गाळणे अप्रामाणिकपणाचे वाटत असल्यामुळे ते पृष्ठांक आणि तळटीपाही वाचीत. ऐन लढाईत तलवार उपसली जाई आणि "पान सहाशे अकरा" येई. म्हातारीला त्याचे काहीच वाटत नव्हते. ती मध्येच हात वर करून थांबवी. "थांब, हा सरदार पहिलेच मेला न?" मग सव्वाशे पाने मागे जाऊन तो सरदार जखमी झाला होता, मेला नव्हता, हे दाखवावे लागे. दौलतरावांनी पुस्तक पूर्वी वाचलेले होते. राणी वाचते की नाही एवढे तरी आधी सांग, अशी गळ म्हातारीने तीन वेळा घातली. त्यांनी एकदाही सांगितले नाही.

सव्वातीन वाजता जीपच्या चालकाने भोंगा वाजविला. एकोणीस पाने उरली होती. दौलतरावांनी पानात बोट घातले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. त्या क्षणी ते हसत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हातातल्या किल्ल्या गेल्यावर पोट भरायला दुसरे काय करता येईल, हे त्यांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. म्हातारीने पदर सावरला.

"तुमी जा, गुरुजी," ते म्हणाले. "माह्या नावाचं तुमीच घेऊन घ्या." आणि बोट काढून ते पुढे वाचू लागले.

मी गेलो. चार वाजून गेल्यावर दौलतरावांचे नाव पुकारले गेले, तेव्हा मी उभा राहिलो. ते कोठे आहेत, असे साहेबांनी विचारले. "आपल्या मातोश्रींना कादंबरी वाचून दाखवीत आहेत," असे मी उत्तर दिले. सभागृह पुन्हा हसू लागले. सकाळचीच थट्टा आम्ही पुढे चालवीत आहोत, असा साहेबांचा समज झाला. त्यांचा चेहरा कठीण झाला, प्रमाणपत्र बाजूला ठेवले गेले, आणि यादीत दौलतरावांच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहून साहेबांनी सही केली. प्रकृती बरी नाही, असे मी म्हणालो असतो तर कागद मिळाला असता, असे भगवंतराव पुढे अनेकदा म्हणाले. असता. परंतु मी खोटे बोलत नाही, आणि दौलतरावांसाठी खोटे बोलणे तर त्यांनाच आवडले नसते.

साहेब माझ्यासोबतच घरी आले. व्हरांड्याच्या पायरीवर ते थबकले. वाचन नुकतेच संपले होते. म्हातारी डोळे पुसत होती, आणि दौलतराव चष्मा कपाळावर चढवून तिला विचारीत होते, "शेवट काय झाला, माय?" तिने सारा सांगितला, त्या सरदारासकट. तेव्हा कोठे त्यांनी पुस्तक हातात घेतले आणि नोंदवहीत परतीची तारीख घातली.

साहेबांनी ब्रीफकेसमधून यादी काढली, लेखणीचे टोपण उघडले, आणि 'गैरहजर' हा शब्द खोडून टाकतो, असे म्हणाले. दौलतरावांनी त्यांचा हात धरला. एकोणीस वर्षांत स्वतःच्या नोंदवहीत एकही खाडाखोड न केलेला माणूस तो.

"नाई साहेब. मी तिथं नव्हतो न. मंग गैरहजरच."

साहेबांनी समजावले, मातोश्री रागावल्या, मी तर अक्षरशः हात जोडले. ते आपले एकच सांगत राहिले की नोंद बरोबर आहे आणि बरोबर नोंद कोणी खोडत नाही. ते शहरात वाट चुकले नव्हते. आपण कोठे आहोत, हे त्या दिवशी आम्हा सर्वांत त्यांनाच नेमके ठाऊक होते.

कारंज्याला परतल्यावर त्यांनी कार्यकारिणीपुढे तेवीसशे सतरा आणि किल्ल्यांचा जुडगा शेजारी शेजारी ठेवला. मी सविस्तर वृत्तांत दिला. भगवंतराव पुस्तकाकडे पाहत राहिले, मग किल्ल्यांकडे. स्वतःचा ठराव मोडणे त्यांना जड जात होते आणि किल्ल्या उचलणेही. अखेरीस त्यांनी शब्द योजला : प्रशिक्षित ग्रंथपाल मिळेपर्यंत दौलतराव प्रभारी म्हणून राहतील. जाहिरात निघाली. एक पदवीधर गृहस्थ आले. त्यांना कार्यभार देताना दौलतरावांनी एकेक पुस्तक पुढे ठेवून ते वाचले आहे का, आणि वाचले असल्यास शेवट काय, असे विचारावयास प्रारंभ केला. आपल्याला ठाऊक नसलेली वस्तू ताब्यात कशी घेणार, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता. चौथ्या दिवशी, एकशे बाराव्या पुस्तकाशी, ते गृहस्थ अमरावतीच्या बसमध्ये बसले. दुसरे आले, त्यांना बँकेत नोकरी लागली. तिसरे कोणी आलेच नाही. नव्या वाचकाने आदराने "ग्रंथपाल साहेब" म्हटले की दौलतराव तत्काळ दुरुस्ती करीत, "प्रभारी हावो मी, बाप्पा."

असे दहा वर्षे चालले. पोळ्यानंतर चार दिवसांच्या तापाने ते सेवाग्रामच्या दवाखान्यात वारले, तेव्हा वाचनालय दीड दिवस बंद होते. कोल्हापूरचे दिवस सोडले तर एकोणतीस वर्षांत ते तेवढेच.

शोकसभेच्या दिवशी मी शोकप्रस्ताव मांडला आणि त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या. मग भगवंतरावांनी, आता तेही थकले होते, कार्यवृत्ताची वही माझ्यासमोर सरकवली आणि दहा वर्षांपूर्वीचा ठराव अजून खुला आहे, तो कसा बंद करावा, असे विचारले. मी लिहिले, त्यांनी वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि सही केली. ज्यांना माझा शब्द मान्य नसेल त्यांनी वाचनालयात जाऊन ती वही उघडावी. त्या सभेचा दुसरा ठराव असा आहे : 'या संस्थेस प्रशिक्षित ग्रंथपाल मिळाला होता, सबब शोध बंद करण्यात येत आहे.'